शॅकमधला, म्हणजे हॅमच्या रेडिओ-खोलीतला, संगणक: जुनं विंडोज, नवं विंडोज की लिनक्स?

तासगावच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मित्राचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणाऱ्या पट्टीवर) रेघाच रेघा दिसतायत, पण डिकोडच्या (संदेश उलगडून दाखवणाऱ्या) खिडकीत एक अक्षर उमटत नाही. आठ दिवस झाले. अँटेना उतरवून परत बांधली, बालन (अँटेना आणि केबल जोडणारा भाग) बदलला. सगळे म्हणतायत विंडोज ७ आता चालत नाही, नवा लॅपटॉप घे. काय करू?"

मी म्हटलं, पैसे खर्च करू नकोस, उद्या येतो. सांगलीहून सकाळी निघालो. रेडिओ सेट ठणठणीत होता. ७.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ची, म्हणजे संगणकानं छोटे संदेश पाठवण्याच्या पद्धतीची, नेहमीची शिट्ट्यांची गर्दी होती, वॉटरफॉल पिवळ्या रेघांनी भरला होता आणि संगणकाचं घड्याळही बरोबर होतं. मग प्रोग्रॅमची आवृत्ती पाहिली, तर डब्ल्यूएसजेटी-एक्स १.८! कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेली. एफटी८ आलं २०१७ मध्ये, पण डिसेंबर २०१८ मध्ये २.० आवृत्ती आली तेव्हा संदेशाची आतली रचनाच बदलली. आधी ७५ बिटांचा असलेला संदेश ७७ बिटांचा झाला. शिट्टी कानाला तीच, रेघ डोळ्याला तीच, पण जुन्या प्रोग्रॅमला नव्या संदेशातलं काही कळत नाही. मी बरोबर नेलेली २.x आवृत्ती त्याच विंडोज ७ वर बसवली आणि दुसऱ्याच फेरीत डिकोड उमटायला लागले.

हा प्रसंग सांगायचं कारण असं की 'जुनं' हा शब्द आपण सरसकट वापरतो. संगणक जुना असू शकतो, त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी असू शकते, प्रोग्रॅम जुना असू शकतो, आणि सेटपासून संगणकापर्यंत येणारी केबलही जुनी असू शकते. चौघांची वयं वेगळी आणि दुखणीही वेगळी. यातलं नेमकं काय अडतंय हे शोधल्याशिवाय सिस्टिम बदलली, तर जे चालू होतं तेही बंद पडतं. सांगली-मिरजेकडचे बरेच हॅम नोकरी किंवा शेती सांभाळून, घरातल्या जुन्या संगणकावर हा छंद करतात. त्यांच्यासाठी हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी एक कागद घ्या

संगणक चालू करण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा. सेट कोणता आणि तो संगणकाला कशानं जोडला जातो. तुम्हाला करायचं काय आहे: एफटी८, पीएसके३१ वर टंकून गप्पा, चित्रं पाठवणं म्हणजे एसएसटीव्ही, नुसतं लॉगिंग म्हणजे संपर्कांची नोंद, की हातातल्या सेटचं प्रोग्रॅमिंग. त्या कामासाठी कोणता प्रोग्रॅम लागतो. आणि चौथी गोष्ट, त्या कामाला इंटरनेट लागतं का?

या चौथ्या प्रश्नाकडं सहसा कुणी लक्ष देत नाही, पण निर्णय तिथंच होतो. पीएसके३१ वर गप्पा मारायला इंटरनेट लागत नाही. सेट प्रोग्रॅम करायलाही लागत नाही. पण लॉग 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड'वर, म्हणजे संपर्कांची पुष्टी करणाऱ्या सेवेवर, चढवायचा असेल, क्यूआरझेड या वेबसाइटवर कॉलसाइन (हॅमचं ओळख-नाव) शोधायचं असेल, तर लागतंच. इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर वीस वर्षांपूर्वीची सिस्टिमही निर्धास्त चालवता येते. जोडलेल्या संगणकावर मात्र सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी सिस्टिमच हवी. याला अपवाद करू नका.

तारखा एकदा पाहून ठेवा. मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीला दुरुस्त्या देणं ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला, ८.१ ला १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, दुरुस्त्या घेता येतात. एक्सपीची अडचण फक्त विषाणूंची नाही. त्याच्या स्वतःच्या इंटरनेट व्यवस्थेला टीएलएस १.२ ही आजची सुरक्षित जोडणी येत नाही, त्यामुळे आजच्या बहुतेक वेबसाइट आणि लॉग चढवण्याच्या सेवा तिथून उघडतच नाहीत.

केबल: निम्मे निर्णय इथंच होतात

कागदावरच्या पहिल्या प्रश्नाकडं या. जुन्या डेस्कटॉपच्या पाठीमागं नऊ पिनांचं सीरियल पोर्ट असतं. त्यासारखं भरवशाचं दुसरं काही नाही. ड्रायव्हर नको, चिप नको. असा संगणक असेल तर तो भंगारात देऊ नका, सेट प्रोग्रॅम करायला फार कामाला येतो.

लॅपटॉपला यूएसबी केबल लागते आणि त्या केबलच्या पोटात एक चिप असते: एफटीडीआय, सीपी२१०एक्स, सीएच३४० किंवा पीएल२३०३. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि केबल लावा. 'पोर्ट्स'च्या खाली नवं नाव येतं, त्याच्या पुढं कंसात कॉम ३, कॉम ५ असा क्रमांक असतो. तो क्रमांक कागदावर लिहा. पिवळा त्रिकोण दिसला तर त्या नावावर दोनदा क्लिक करून आतला मजकूर वाचा. पीएल२३०३ च्या जुन्या जातीच्या चिपला आणि तिच्या नकलांना विंडोज १० आणि ११ वरचा नवा ड्रायव्हर स्वीकारत नाही. ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी बोला, असा मजकूर तिथं दिसतो. हीच केबल विंडोज ७ वर जुन्या ड्रायव्हरनं चालत होती, म्हणून लोक म्हणतात, "विंडोज ११ वर सेट चालत नाही." सेटचा काही दोष नसतो.

यावर तीन उपाय आहेत. ड्रायव्हर अपडेट करताना 'यादीतून मी निवडतो' हा पर्याय घेऊन जुनी आवृत्ती बसवता येते, पण एखाद्या विंडोज अपडेटनंतर ती परत बदलते आणि तुम्ही पुन्हा तिथंच येता. दुसरा उपाय लिनक्स. तिथं हीच केबल लावल्या लावल्या चालते. तिसरा आणि मला पटलेला उपाय म्हणजे अस्सल एफटीडीआय चिपची केबल घेणं. सेटवर जेवढा खर्च केलाय त्याच्या मानानं ही रक्कम किरकोळ आहे आणि पुढची दहा वर्षं डोकं शांत राहतं.

आयसी-७३०० सारख्या अलीकडच्या सेटमध्ये साउंड कार्ड आणि सीरियल पोर्ट दोन्ही आतच असतात आणि एकाच यूएसबी वायरीवर काम होतं. विंडोजवर आधी ड्रायव्हर बसवा, मग वायर लावा. हा क्रम उलटा झाला की चुकीचा ड्रायव्हर बसून राहण्याची भीती असते. असा सेट असेल तर जुन्या सिस्टिमचा विचारही करू नका. याउलट एक्सपीच्या काळातला एखादा इंटरफेस असेल, तर त्याचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर बहुधा बसणारच नाही. व्हिस्टापासून ६४ बिटांच्या विंडोजला सही केलेलेच ड्रायव्हर लागतात, आणि ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांवर चालत नाही, तो कितीही खटपट केली तरी.

जुनी सिस्टिम खरंच कुठं लागते

माझ्या मते फक्त तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे डॉसमधल्या प्रोग्रॅमनं भरावे लागणारे सेट. जीएम३०० सारखे जुने व्यावसायिक सेट हौशी पट्ट्यात आणून वापरणारे लोक आपल्याकडं आहेत. त्यांचा प्रोग्रॅम डॉसचा आहे आणि तो संगणकाच्या वेगावर अवलंबून राहून सेटशी बोलतो. वेगवान संगणकावर वेळेची गणितं चुकतात आणि संवाद मध्येच तुटतो. ६४ बिटांच्या विंडोजवर तर १६ बिटांचे प्रोग्रॅम उघडतच नाहीत. इथं पेंटियमच्या काळातला संगणक, खरं सीरियल पोर्ट आणि फ्रीडॉस (डॉससारखी मोफत सिस्टिम) हाच सरळ मार्ग. पण लिहिण्याआधी सेटमधली मूळ माहिती वाचून फाइल म्हणून जतन करा. लिहिताना वीज गेली तर सेट मुका होऊ शकतो, म्हणून संगणक आणि सेट दोन्ही बॅटरी-बॅकअपवर ठेवा. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

दुसरं, ज्याचा ड्रायव्हर फक्त एक्सपीपर्यंतच आहे असं एखादं यंत्र. आणि तिसरं, पॅरलल पोर्टवरून मोर्स की किंवा पीटीटी (सेट पाठवण्यावर नेणारा स्विच) चालवणारी घरगुती सर्किटं.

यातलं काही तुमच्याकडं असेल तर एक्सपीचा संगणक असा तयार करा. नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय कार्ड असेल तर तेही बाहेर काढा. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही चालू होण्याची सोय, म्हणजे ऑटोरन, बंद करा. २००८ पासून पसरलेला कॉन्फिकर विषाणू याच वाटेनं घराघरांत आणि कार्यालयांत शिरला होता. मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, नाहीतर प्रत्येक वेळी तारीख मागं जाते. कॅपॅसिटरची डोकी फुगली आहेत का ते पाहा. शेवटी, आणि हे टाळू नका, क्लोनझिला या प्रोग्रॅमनं संपूर्ण हार्ड डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या. जुन्या संगणकात सगळ्यात आधी डिस्क दगा देते आणि त्यावरचा ड्रायव्हर मग कुठंच मिळत नाही.

जुना संगणकच नसेल तर आजच्या संगणकात व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात एक्सपी चालवता येतं. यूएसबी केबल त्या आतल्या एक्सपीकडं सोपवायची सोय असते. सेट प्रोग्रॅम करायला हे पुरतं. पण एफटी८ किंवा एसएसटीव्ही या मार्गानं करू नका. आवाज दोन सिस्टिमांमधून जाताना अडखळतो आणि चित्रं तिरकी येतात.

हातातल्या सेटसाठी मात्र जुन्या सिस्टिमची गरज नाही. यूव्ही-५आर सारख्या सेटना चर्प हा मोफत प्रोग्रॅम लागतो. त्याची चालू आवृत्ती विंडोज १० किंवा पुढच्यावर आणि लिनक्सवर चालते. विंडोज ७ साठी जुनी, आता न वाढणारी आवृत्ती वेगळी ठेवली आहे. चॅनेल भरताना आपल्या परवान्यातल्या पट्ट्यांपुरतेच भरा: १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. सेट त्यापलीकडंही बोलू शकतो, आपल्याला ती मुभा नाही.

विंडोज १० आणि ११ वर बसणार असाल तर

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. ही अट वळसा घालून टाळण्याच्या युक्त्या आहेत, पण २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही सूचना असाव्याच लागतात, त्या कोअर २ ड्युओमध्ये नाहीत. तिथं कसली युक्ती चालत नाही. खरं सांगायचं तर शॅकच्या संगणकावर अशा युक्त्या करूच नयेत. ऐन वेळी पुढचं अपडेट अडतं.

नव्या विंडोजवर एफटी८ किंवा पीएसके३१ चालू करताना या क्रमानं जा. सेटिंगमध्ये प्रायव्हसी उघडा, तिथं मायक्रोफोनची परवानगी चालू करा आणि डेस्कटॉप ॲपनाही ती द्या. ही परवानगी बंद असेल तर वॉटरफॉल कोराच राहतो आणि माणूस तासभर केबल तपासत बसतो. एक्सपी आणि ७ वर ही भानगडच नव्हती, म्हणून जुन्या मंडळींच्या हे लक्षात येत नाही. मग साउंडच्या जुन्या खिडकीत जाऊन सेटच्या साउंड कार्डाचा वेग ४८,००० हर्ट्झ करा आणि 'एन्हान्समेंट' नावाचं जे काही असेल ते बंद करा. विंडोजचे स्वतःचे आवाज 'नो साउंड्स'वर टाका. ईमेल आल्याची टिंग ४० मीटरच्या पट्ट्यावरून चेन्नईला ऐकू जाणं ही गंमत नाही, आपल्या कॉलसाइनची शोभा जाते. आणि सेटचं कार्ड हे संगणकाचं मुख्य साउंड कार्ड असू देऊ नका. एखादं अपडेट झालं की ते परत मुख्य होतं, म्हणून दर महिन्याला एकदा पाहायचं.

पॉवरच्या सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. पाठवताना केबल मध्येच 'निसटत' असेल तर ती आरएफची, म्हणजे सेटच्या रेडिओ-लहरींची, करामत असते. केबलच्या दोन्ही टोकांना त्या लहरी अडवणारं फेराइटचं कडं लावा. यात सिस्टिमचा दोष नसतो. आणि लॅपटॉपचा चार्जर एकदा काढून बघा. ४० मीटरवरचा गोंगाट अर्ध्यावर आला तर शत्रू तुमच्या टेबलावरच आहे.

जुन्या प्रोसेसरवर डब्ल्यूएसजेटी-एक्स चालवताना एक तडजोड करावी लागते. एफटी८ची फेरी १५ सेकंदांची, त्यात संदेश १२.६४ सेकंदांचा. पुढची फेरी सुरू व्हायच्या आधी डिकोड करायला हाताशी उरतात जेमतेम दोन सेकंद. डिकोडच्या मेनूत 'डीप' निवडलेलं असेल तर जुन्या यंत्राला ते जमत नाही आणि तुमचं उत्तर उशिरा सुटतं. 'फास्ट' किंवा 'नॉर्मल' करा. थोडे कमकुवत सिग्नल हातचे जातील, पण क्यूएसओ (दुतर्फा संपर्क) पुरे होतील.

लिनक्स: भीती बाजूला ठेवून

घरातला दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप, विंडोज ११ बसत नाही, विंडोज १० चं आयुष्य संपलंय, आणि इंटरनेट तर हवंय. अशा संगणकाला मी लिनक्स मिंट सुचवतो. पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी दोन दिवस वापरून बघता येतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय चालतंय का, आवाज येतोय का, सेटची केबल दिसतेय का, एवढं पाहून मगच बसवा.

संगणक अगदीच जुना, ३२ बिटांचा असेल तर वाट अरुंद झालीय. डेबियन १२ मध्ये ३२ बिटांसाठी इन्स्टॉलर होता, २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तो काढून टाकला. पण आधी खात्री करा. कोअर २ ड्युओवर ३२ बिटांचं विंडोज ७ असलं तरी तो प्रोसेसर ६४ बिटांचा असतो, त्यावर ६४ बिटांचं लिनक्स सुखानं बसतं.

बसवल्यावर पहिलं काम: आपलं नाव 'डायलआउट' या गटात घाला आणि लॉगआउट होऊन परत या. हे केलं नाही तर केबल दिसते, पण प्रोग्रॅमला पोर्ट उघडता येत नाही. लिनक्स सोडून परत विंडोजकडं गेलेल्या निम्म्या लोकांची गाडी इथंच अडली, असं माझं मत आहे. सीएच३४० ची केबल लावून लगेच गायब होत असेल, तर ब्रेल वाचनयंत्रासाठीची 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा तिला ओढून घेत असते. ब्रेल यंत्र वापरत नसाल तर ती काढून टाका. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीवर लागणारा छोटा रिसीव्हर) लावलं तर उलटाच प्रकार होतो. लिनक्स त्याला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचा ड्रायव्हर लावतं. तो ड्रायव्हर बंद यादीत टाकावा लागतो, मग जीक्यूआरएक्स या प्रोग्रॅममध्ये डोंगल चालतं.

प्रोग्रॅमांची वानवा नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्स लिनक्सवरही आहे. पीएसके३१, आरटीटीवाय, ऑलिव्हिया या टंकून बोलायच्या पद्धतींसाठी एफएलडिजी, सेटच्या नियंत्रणासाठी एफएलरिग, लॉगसाठी सीक्यूआरलॉग, चित्रांसाठी क्यूएसएसटीव्ही. अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्हीची चित्रं येतात तेव्हा विंडोजवरचं एमएमएसएसटीव्ही आणि लिनक्सवरचं क्यूएसएसटीव्ही, दोन्हींनी ती घेता येतात. एक सावधगिरी मात्र बाळगा. लिनक्सच्या स्वतःच्या भांडारात डब्ल्यूएसजेटी-एक्सची आवृत्ती बऱ्याचदा मागची असते. तासगावची गोष्ट आठवा आणि आवृत्ती पाहूनच पुढं जा.

स्पर्धांमध्ये भाग घेणारे हॅम एन१एमएम लॉगर प्लस सोडायला तयार नसतात, आणि ते विंडोजवरच चालतं. लॉग४ओएमचंही तसंच. तुमचं काम त्यावर अडत असेल तर विंडोजवरच राहा. सिस्टिम बदलणं हा काही धर्म नाही.

हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी बिटएक्स सेटपासून कितीतरी भारतीय हॅमच्या हाती सोल्डरिंग गन दिली. त्यांच्या एसबिटएक्स सेटच्या आत रास्पबेरी पाय आणि लिनक्सच आहे. तो सेट घेतला की सिस्टिम निवडायचा प्रश्नच उरत नाही.

साडेपाच तासांची चूक

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणार असाल तर हे नीट वाचा. माझ्या जवळजवळ चाळीस क्यूएसओंची पुष्टी यामुळे अडकली होती.

मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स सहसा जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी. आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. रात्री नऊ वाजता लिनक्स बंद करताना घड्याळात १५:३० लिहिलेलं राहतं. नंतर विंडोज चालू केलं की त्याला वाटतं दुपारचे साडेतीन वाजलेत, आणि त्यावरून ते यूटीसी काढतं सकाळचे दहा.

आता गंमत बघा. घड्याळ इतकं चुकलेलं असताना एफटी८ बंद पडायला हवं, पण पडत नाही. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद आणि त्याला १५ नं बरोबर १,३२० वेळा भाग जातो. फेऱ्यांचे ठोके तंतोतंत जुळतात. डिकोड होतात, उत्तरं येतात, क्यूएसओ होतात, आणि लॉगमध्ये प्रत्येकाची वेळ साडेपाच तास मागची पडते. लॉगबुक ऑफ द वर्ल्डमध्ये दोन्ही बाजूंच्या वेळेत तीस मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर जुळणी होत नाही. मला वाटायचं समोरचे लॉग चढवत नाहीत. एका जपानी स्टेशननं क्यूएसएल कार्डावर, म्हणजे संपर्काची पुष्टी करणाऱ्या कार्डावर, वेळ लिहून पाठवली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

उपाय सोपा आहे. लिनक्सला सांगता येतं की मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळच ठेव, एका आज्ञेचं काम आहे. ते केल्यावर दोन्ही सिस्टिम दोनदा आलटून पालटून चालू करा आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या खालच्या कोपऱ्यातली वेळ मोबाइलवरच्या यूटीसीशी ताडून पाहा. तास आणि मिनिटं दोन्ही पाहा. सगळे फक्त सेकंद पाहतात.

सेकंदांसाठी डीटीचा, म्हणजे वेळेतल्या फरकाचा, रकाना आहे. डिकोडच्या ओळीत प्रत्येक स्टेशनपुढं ०.१, ०.३ असे आकडे असतात. एखाद्याचा आकडा मोठा असेल तर त्याचं घड्याळ चुकलंय. सगळ्यांचेच एकाच बाजूला एक-सव्वा सेकंद दिसत असतील तर चूक तुमची. एक्सपी आणि विंडोज ७ आपणहून आठवड्यातून एकदाच वेळ जुळवतात, एफटी८ला ते पुरत नाही. त्यासाठी वेळ जुळवणारा छोटा प्रोग्रॅम घाला, किंवा इंटरनेट नसेल तर यूएसबी जीपीएस. लिनक्सवर क्रोनी हा प्रोग्रॅम हे काम चोख करतो.

आणि प्रोग्रॅममध्ये आपला लोकेटर, म्हणजे जगाच्या नकाशावरच्या आपल्या चौकोनाचं नाव, बरोबर भरा. सांगली एमके७६ मध्ये येते. साताऱ्याच्या मंडळींनी जास्त जपून बघावं, कारण चौकोन बदलणारं ७४ अंशांचं रेखावृत्त तिकडं शहराजवळूनच जातं. आपलं घर एमके६७ मध्ये की एमके७७ मध्ये, ते नकाशावर पाहूनच लिहा.

पाणी आणि वीज

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर एकेक करून गप्प होत होते. ते दिवस पाहिलेल्या माणसानं शॅकची सिस्टिम निवडताना हा विचार करायलाच हवा: इंटरनेट नसताना, बॅटरीवर, हा संगणक किती वेळ उभा राहील?

जुना डेस्कटॉप मॉनिटरसह शंभर वॅटच्या पुढं सहज जातो. लॅपटॉप त्याच्या पाव-तृतीयांशात भागवतो आणि रास्पबेरी पाय ४ पाच-सहा वॅटवर. म्हणून जुना डेस्कटॉप सेट प्रोग्रॅम करायला ठेवा, आणीबाणीला लॅपटॉप किंवा पाय. विंडोज ठेवणार असाल तर पावसाळ्यात अपडेट थांबवून ठेवायची सोय वापरा, सलग पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. 'कृपया संगणक बंद करू नका' ही पाटी पुराच्या रात्री पडद्यावर नको. लिनक्स तुम्ही सांगितल्याशिवाय स्वतःहून बंद होऊन परत चालू होत नाही, पूरभागात माझं मत लिनक्सकडं झुकण्याचं हे मुख्य कारण. लागणारे सगळे प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि नियमपुस्तिका एका पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा.

बदल करायचाच असेल तर

जुन्या सिस्टिमवरून एका रात्रीत उडी मारू नका. आधी लॉग ॲडिफ (कोणत्याही लॉग-प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या) फाइलमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा. लॉगबुक ऑफ द वर्ल्डसाठीच्या टीक्यूएसएल प्रोग्रॅममधलं तुमचं प्रमाणपत्र विसरू नका, ते जुन्या डिस्कबरोबर गेलं तर परत मागवावं लागतं. जुनी डिस्क पुसू नका. ती काढून ठेवा आणि नव्या एसएसडीवर नवी सिस्टिम बसवा. मग एक पूर्ण संध्याकाळ फक्त ऐका, पाठवू नका. डिकोड येतायत, वेळ बरोबर आहे, डीटी शून्याच्या आसपास आहे, असं दिसलं की डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या भारावर) पीटीटी आणि आवाजाची पातळी तपासा. त्यानंतरच अँटेना जोडा, आणि पहिले पाच क्यूएसओ लॉगमध्ये उघडून वेळ, बँड, मोड डोळ्यांनी वाचा.

तासगावचा तो विंडोज ७ चा संगणक अजून चालू आहे. इंटरनेटची वायर काढलीय, घड्याळ खिडकीत ठेवलेल्या जीपीएसवर चालतं. दर रविवारी लॉगची फाइल पेन ड्राइव्हवर मुलाच्या लॅपटॉपवर जाते आणि तिथल्या लिनक्सवरून चढते. ड्रायव्हरची आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सची आवृत्ती त्यानं एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलीय, खाली तपासल्याची तारीख आहे.